सुई शेवटी कोणाला टोचते?



अलिबाग-मुरूडकडच्या कातकरी वाडीवरची मुलगी दवाखान्यात कामाला लागली, की आपण देवाचे आभार मानतो. तिच्या जिवाचीही काळजी करूया. वापरलेली सुई साध्या कचऱ्यात पडली, तर ती सफाई करणारीला टोचते. त्यातून ‘ब’ कावीळ किंवा एचआयव्हीची लागण होऊ शकते.

जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ‘ब’ कावीळ आणि धनुर्वाताची लस देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे.

सुई टोचली तर जखम पिळू नये. साबण-पाण्याने धुवावी आणि लगेच डॉक्टरांना सांगावे. एचआयव्हीरोधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. नोकरीच्या भीतीने गप्प राहिले, तर ती वेळ निघून जाते.

म्हणून प्रार्थनेनंतर तिला एवढे जरूर विचारा: “बाळ, लसीचे तिन्ही डोस झाले का?”