नावेचे नाव



आपल्या मराठीने एक गंमत करून ठेवली आहे. पाण्यावर चालते ती नाव, आणि माणसाला हाक मारायची तेही नाव. आज या दोन्ही नावांविषयी थोडे बोलायचे आहे. एखाद्याने कष्टाने आपली पहिली नाव घेतली, आणि लहानपणी ज्याने हाताला धरून शिकवले त्या माणसाचे नाव तिला द्यावे असे त्याच्या मनात आले, तर ते शोभेल का?

रिसोडच्या माणसाने हा विषय काढावा, याचे तुम्हांला हसू येईल. इथे समुद्र कुठला! पैनगंगेला पूर येतो तेवढाच काय तो पाण्याचा थाट. पण आपल्या वऱ्हाडातही तलावांवर, धरणांवर मासे धरणारी भोई मंडळी आहेत, त्यांचे डोंगे आहेत. डोंगा बहुधा बिननावाचाच असतो. कोकणात तसे चालायचे नाही. तिथे होडीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात. तिच्यावर ठळक अक्षरांत नाव घातलेले असते. नारळी पौर्णिमेला होड्या रंगवून, सजवून त्यांची पूजा होते. कुठे एकवीरा आईचे नाव, कुठे जन्मदात्या आईचे. कर्ज सोसायटीचे, लाकूड वखारीचे. नाव मात्र मालकाने स्वतः निवडलेले.

गोव्यात बांधलेल्या नौदलाच्या शिडाच्या बोटीचेही तसेच. तिचे नाव ‘म्हादेई’, म्हणजे आपली मांडवी नदी. 2009-10 मध्ये दिलीप दोंदे यांनी याच बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. ही कल्पना ज्यांनी वर्षानुवर्षे मनात जपली ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत. म्हणजे समुद्रापासून दूर, आपल्यासारखेच! वाट दाखवणारे आवटी, पण नाळेवर नाव नदीचे.

मग गुरुजींचे का नको? जुनी माणसे दोन अडचणी काढतील. पहिली अशी की, नावेत पाय ठेवावा लागतो. गुरूचे नाव पायाखाली कसे घ्यायचे? याचे उत्तर सोपे आहे. नाव नाळेवर असते, तळाशी नाही. आणि ज्या जमिनीला आपण आई म्हणतो, तिच्यावर पाय ठेवूनच आपण चालतो ना!

दुसरी अडचण खरी आहे. नाव बुडाली तर? मुंबई आणि कोकणच्या दरम्यान चालणाऱ्या आगबोटींना आपल्या लोकांनी संतांची नावे दिली होती. त्यांतली ‘तुकाराम’ 1927 मध्ये बुडाली. ‘रामदास’ 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला जाताना उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य महिनाभरावर आले होते, आणि किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतून आकांत उठला. पुढे पुष्कळ वर्षे कोकणातल्या म्हाताऱ्यांपुढे नुसते ‘रामदास’ म्हटले की त्यांना संत आठवण्याआधी ती बोट आठवे. नाव देणे ही जोखीम आहे, हे मी नाकारीत नाही. पण ज्याला आपल्या गुरूचे नाव नाळेवर वागवायचे आहे, तो फुटकी फळी तशीच ठेवून पाण्यात जाणार नाही, असे मला वाटते.

आणि शिक्षकाचे नाव जहाजाला शोभते, याला आधार आहे. आपल्या तटरक्षक दलाच्या एका गस्ती जहाजाला ‘सावित्रीबाई फुले’ हे नाव दिले गेले. 1848 मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींना अक्षरे गिरवायला लावणारी बाई! शाळेला जाताना तिच्या अंगावर शेणगोळे पडत. त्याच बाईचे नाव लावून खलाशी समुद्रावर पहारा देतात.

याहूनही जवळचे उदाहरण आहे, पण त्यात नाळ नाही, माणूस आहे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी सातारच्या सरकारी शाळेत भीमराव दाखल झाले. घराणे आंबडवे गावचे. शाळेत आंबेडकर नावाचे एक शिक्षक होते. आपल्या डब्यातली भाजीभाकरी ते या मुलाला देत. चरित्रकार सांगतात की, त्यांचेच आडनाव भीमरावांना मिळाले. ज्या काळी त्या मुलाला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू देत नसत, त्या काळची ही गोष्ट आहे. पुढे 1913 मध्ये बाबासाहेब बोटीने अमेरिकेला गेले, तेव्हा सातारच्या त्या मास्तरांचे आडनावही त्यांच्याबरोबर समुद्र ओलांडून गेले. मास्तरांनी भाकरी देताना असला काही हिशेब केला असेल?

तेव्हा कोणा भोयाच्या पोराने तलावावर पहिली नाव घातली, तर त्याने बेलाशक आपल्या गुरुजींचे नाव तिला द्यावे. दाखल्यावरचे लांबलचक नाव नको. वर्गात ज्या नावाने हाक मारली जाई, तेच घालावे. ‘गुरुजी’ एवढेच लिहिले तरी गावाला कळते. गुरुजी हयात असतील तर आधी विचारावे. ते नको म्हणतील; दोनदा विचारावे. अक्षरे तेलरंगात आणि नाळेच्या दोन्ही बाजूंना काढावीत, म्हणजे अलीकडच्या आणि पलीकडच्या दोन्ही काठांवरून वाचता येतील. ऱ्हस्वदीर्घ तेवढे तपासून घ्यावे. पहिल्या फेरीला गुरुजींना नावेत बसवणार असाल, तर त्यांची नजर आधी तिकडेच जाईल.