कोयत्याची भरती
साखर कारखान्याच्या कचेरीत कारकून घ्यायचा तर जाहिरात, अर्ज, मुलाखत होते आणि हातात नेमणूकपत्र पडतं. ऊसतोडीची भरती मात्र बीड, पाथर्डीकडच्या गावांत, हंगामाआधीच मुकादम करतो. तो उचल देतो, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पुढचे चार-सहा महिने टनामागे ठरलेल्या दराने ऊस तोडायचा, त्यातून उचल फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. कारखान्याचा करार असतो तो वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी. पहाटेपासून मोळ्या बांधणाऱ्या बाईचं नाव त्यात सहसा नसतं, हे मला फार खटकतं. ऊसतोड बंधू-भगिनींनो, गाव सोडण्याआधी ग्रामपंचायतीत ऊसतोड कामगार म्हणून नोंदणी करून ओळखपत्र घ्या. उचलीचा हिशेबही स्वतःच्या वहीत लिहून ठेवा.