कौटुंबिक हिंसाचार आणि निवाऱ्याचा प्रश्न



अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कुटुंब हे एक एकक मानले जाते. उत्पन्न कुटुंबाचे, खर्च कुटुंबाचा, बचतही कुटुंबाचीच. या एककाच्या आत कोणाचा शब्द चालतो आणि कोणावर हात उगारला जातो, हा प्रश्न दीर्घकाळ या शास्त्राच्या कक्षेबाहेर राहिला. ‘घरातली गोष्ट’ म्हणून समाजाने जे उंबऱ्याच्या आत ठेवले, तेच अभ्यासकांनीही आत राहू दिले.

प्रथम या प्रश्नाची व्याप्ती पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत (२००५-०६) पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा अनुभवलेल्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते. चौथ्या फेरीत (२०१५-१६) ते ३१ टक्के, तर पाचव्या फेरीत (२०१९-२१) २९ टक्के आढळले. घट आहे, परंतु मंद आहे. पाचव्या फेरीनुसार, हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्क्यांनी कोणाची तरी मदत मागितली. पतीने पत्नीला मारणे काही कारणांसाठी समर्थनीय आहे, असे ४५ टक्के स्त्रिया आणि ४४ टक्के पुरुष मानतात. येथे स्त्री-पुरुषांत फरक जवळपास नाही, ही बाब विचारात घेण्यासारखी आहे.

आकडे वाचताना सावधगिरी हवी. कर्नाटकात हे प्रमाण चौथ्या फेरीत सुमारे २१ टक्के होते, ते पाचव्या फेरीत ४४ टक्के झाले. पाच वर्षांत हिंसा दुप्पट झाली, की सांगण्याची तयारी आणि विचारण्याची पद्धत बदलली, याचा उलगडा केवळ या दोन आकड्यांवरून होत नाही. राज्यांची क्रमवारी पाठ करणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे. पोलिसांकडील नोंदींचेही तसेच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये ‘पती किंवा नातेवाइकांकडून क्रूरता’ या सदराखाली सुमारे १ लाख ४० हजार गुन्हे नोंदले गेले. महिलांविरुद्धच्या एकूण गुन्ह्यांत हा वाटा ३१ टक्के, म्हणजे सर्वांत मोठा होता. तरीही सर्वेक्षणाच्या शेजारी ठेवला की हा आकडा अगदी लहान वाटतो.

मग स्त्री हे का सोसते? अमर्त्य सेन यांनी १९९० च्या निबंधात कुटुंबाचे वर्णन ‘सहकारात्मक संघर्ष’ असे केले. एकत्र राहण्यात सर्वांचाच लाभ असतो. मात्र त्या लाभाची वाटणी, सहकार्य मोडल्यास कोणाची स्थिती किती वाईट होईल, यावर ठरते. जिला घर सोडल्यावर जायला जागा नाही, तिला घरातही आवाज नसतो.

या विचाराची कसोटी केरळात लागली. प्रदीप पांडा आणि बिना अग्रवाल यांनी तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील सुमारे ५०० स्त्रियांचा अभ्यास करून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या मालकीचे ना घर ना जमीन, अशा स्त्रियांपैकी ४९ टक्क्यांनी दीर्घकाळ शारीरिक हिंसा सोसली होती. फक्त जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के, फक्त घर असलेल्यांत १० टक्के आणि दोन्ही असलेल्यांत ७ टक्के होते. हा एका जिल्ह्याचा अभ्यास आहे, त्यावरून सर्व देशाविषयी विधान करता येणार नाही. तरीही ४९ आणि ७ यांतील अंतर सहज दुर्लक्षिण्याजोगे नाही. शिवाय नोकरीचा परिणाम इतका सरळ दिसला नाही. पत्नीचे काम पतीपेक्षा चांगले असेल, तर धोका वाढतानाही दिसला. पगार हिसकावून घेता येतो, नोकरी सोडायला लावता येते. स्वतःच्या नावावरील घरातून मात्र रात्री अकरा वाजता कोणाला ‘चालती हो’ म्हणता येत नाही.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ चे वेगळेपण येथेच आहे. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अमलात आला. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत आलेले कलम ४९८-अ (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतील कलमे ८५ व ८६) पतीला शिक्षा देते. पत्नीने आज रात्री कोठे झोपावे, याचे उत्तर त्यात नाही. २००५ च्या अधिनियमाने शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारांना हिंसा मानले. कलम १७ ने, मालकी असो वा नसो, सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. पहिली सुनावणी सर्वसाधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा, अशी अपेक्षा आहे. ही अपेक्षा बहुतेक ठिकाणी कागदावर राहते, हे सांगायला हवे. संरक्षण अधिकारी हे पद अनेक राज्यांत आधीच कामाने वाकलेल्या अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपवले गेले. असे अधिकारी निश्चित करा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाला २०२५ मध्येही द्यावे लागले.

निवासाच्या हक्काचा प्रवासही सरळ झाला नाही. घर सासूच्या मालकीचे असल्यास ते ‘सामायिक घर’ नव्हे, असा निर्णय डिसेंबर २००६ मध्ये आला आणि एकत्र कुटुंबातील असंख्य सुनांचा हक्क पोकळ झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन सदस्यीय पीठाने तो अन्वयार्थ चुकीचा ठरवला. मधे चौदा वर्षे गेली.

सासरचे घर हा प्रश्नाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा माहेरी आहे. हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्येच दुरुस्ती होऊन मुलीला जन्मतः सहदायाद मानले गेले. महाराष्ट्राने हे पाऊल १९९४ मध्येच उचलले होते. या दुरुस्तीने जुने कलम २३ ही रद्द केले. राहत्या घराची वाटणी मागण्यास मुलीला मज्जाव करणारे, आणि अविवाहित, विधवा, परित्यक्ता किंवा विभक्त असेल तरच तिला तेथे राहू देणारे हे कलम होते. सुखाने नांदणाऱ्या म्हणवल्या जाणाऱ्या लेकीला त्यात जागाच नव्हती.

कायदा बदलला, रीत मात्र टिकून आहे. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर बहिणींची नावे लागतात आणि पुढे दुय्यम निबंधकांसमोर त्याच बहिणी भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून देतात. राजस्थानात याच दस्ताला ‘हक त्याग’ म्हणतात. बहिणीचा हिशेब चुकीचा असतो असे नाही. अडचणीच्या वेळी माहेरचे दार उघडे राहावे, भाऊ पाठीशी उभा राहावा, यासाठी ती ही किंमत मोजते. तो एक प्रकारचा विमाच असतो. फक्त या विम्याचा हप्ता एकरकमी भरला जातो, आणि पुढे कधी मार खाऊन ती त्या दाराशी आली, तर भरपाई मिळेल की चार दिवसांनी समजूत घालून परत पाठवले जाईल, हे त्या दस्तात कोठेही लिहिलेले नसते.