बासरीला तेल नंतर, आधी सावली

बासरी सांभाळायची कशी, यावर बोलायचं ठरलं ते तुमच्याच पत्रांमुळे. जत्रेत, देवळाबाहेर किंवा वाद्यांच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांना बासरी घेतलेली असते, महिना-दोन महिने ती छान वाजते आणि मग पत्र येतं, "आवाज फुटायला लागलाय, तेल कोणतं लावू?" मोहरीचं की बदामाचं, खोबरेल चालेल का, एका गृहस्थांनी तर साजूक तुपाचीही चौकशी केली आहे. तेलाकडे येतोच. पण माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बासऱ्या सहसा तेलावाचून गेलेल्या नसतात. त्या उन्हानं गेलेल्या असतात.

बांबूचे तंतू उभे असतात, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारे. आडवं बांधून धरणारं त्यात फारसं काही नाही. म्हणून बांबू मोडत नाही, चिरतो. आता तुम्ही अर्धा तास बासरी वाजवलीत की श्वासातली वाफ आतल्या भिंतीवर बसते. आतला भाग मऊ असतो, तो पाणी पितो आणि पावसाळ्यात दार फुगतं तसा फुगतो. बाहेरची साल टणक, ती कोरडीच राहते. अशी आतून ओली बासरी तुम्ही उन्हात ठेवलीत, की साल आकसायला लागते आणि आतला भाग अजून फुगलेलाच असतो. दोघांच्या ओढाताणीत चीर पडते. ती बहुतेक वेळा फुंकरीच्या छिद्रातून निघते, कारण भोक पाडल्यामुळे तिथेच बांबू कमजोर झालेला असतो.

म्हणून पुन्हा सांगतो, बासरी उन्हात ठेवू नका. "वाळायला ठेवली होती" हे मी फार ऐकतो. गॅलरीच्या कठड्यावर नको, गच्चीवर नको, एसटीच्या खिडकीशी मांडीवर नको. स्कूटरची डिकी नको, मोटारीच्या मागच्या काचेखाली तर मुळीच नको. एप्रिलमध्ये बंद गाडीत काय होतं ते स्टिअरिंगला हात लावून बघा. केस वाळवायचं यंत्र नको, गॅसच्या शेगडीवरून फिरवणं नको. हो, फिरवतात लोक, आणि सुशिक्षित लोक! पंख्याचा झोतही थेट नको. कार्यक्रमाला वातानुकूलित सभागृहात गेलात, तर झोताखाली बासऱ्या उघड्या मांडून बसू नका. जन्माष्टमीला हौसेनं कृष्णाच्या मूर्तीपुढे वाजवायची बासरी ठेवता, जरूर ठेवा, पण समईला चिकटून नको. आणि वास्तुदोष जावा म्हणून उन्हाच्या दारावर टांगलेली बासरी दोन वर्षांनी काढून मुलाच्या हातात देता आणि ती वाजत नाही म्हणून त्या पोराला बोलता, तेव्हा मला खरंच काय म्हणावं ते सुचत नाही. पोराचा काय दोष त्यात?

विदर्भ-मराठवाड्यातल्या श्रोत्यांनी जास्तच जपायला हवं. कोकणात किंवा मुंबईत घेतलेली बासरी मे महिन्यात नागपूरला नेली, की ती सावलीत ठेवूनही चिरू शकते, कारण हवाच कोरडी. तिथे पोहोचल्यावर पहिले काही दिवस थोडं थोडंच वाजवा आणि एरवी ती कापडात गुंडाळून कपाटात ठेवा. नव्या बासरीलाही हाच नियम: सुरुवातीला रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे.

मग वाळवायची कशी? बारीक काठीला जुन्या मलमलीची चिंधी बांधा आणि वाजवून झाल्यावर आतून दोनदा फिरवा. चिंधी इतकी जाड नको की आत अडकेल. अडकली तर सळईनं ठोकू नका, हळूच पीळ देत ओढा. मग बासरी सावलीत आडवी ठेवा. तासाभरानं सुती पिशवीत. ओली बासरी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलीत तर बुरशी धरते. वाजवण्याआधी चूळ भरा. चहाची साखर आत गेली की वास येतो.

आता तेल. मोहरीचं किंवा बदामाचं, कोणतंही. चार-पाच थेंब चिंधीवर घेऊन, बासरी पूर्ण कोरडी असताना, फक्त आतून. रात्रभर ठेवून सकाळी पुसून काढा. उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा, थंडीच्या सुरुवातीला एकदा. तेलाचं काम एवढंच, की ओल आत-बाहेर सावकाश व्हावी. खोबरेल थंडीत थिजतं, म्हणून नको. तूप पोळीला ठेवा.

बंद टोकाशी बूच असेल तर ते सरकवू नका, वरच्या सप्तकाचा सूर त्यावर असतो. बासरीतून पिवळट भुकटी गळली तर किडा लागलाय. ती बासरी बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा.

चीर गेली आहे की नाही हे बघायची एक युक्ती सांगतो. सगळी छिद्रं बोटांनी बंद करा, खालचं टोक गुडघ्यावर घट्ट दाबा आणि फुंकरीच्या छिद्राला ओठ लावून हवा आत ओढा. ओठ चिकटून राहिले तर बासरी धड आहे. हवा येतच राहिली, तर दुसऱ्या कुणाला तरी ओलं बोट बासरीवरून लांबीच्या दिशेनं फिरवायला सांगा. जिथे पाणी लागताच हवा थांबेल, तिथे चीर. केसाएवढी बारीक चीर, नजरेला दिसतही नाही.

अशी बासरी फेकू नका. ती दोन दिवस सावलीत पूर्ण वाळू द्या. चिरेत झटपट चिकटणाऱ्या पातळ गोंदाचा एकेक थेंब सोडा. गोंद छिद्राच्या कडेला जाऊ देऊ नका, तिथे खरखरीतपणा आला की आवाज बिघडतो. मग चिरेच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये, बोटांच्या जागा सोडून, नायलॉनचा दोरा ताणून एकाला एक लागून दहा-बारा वेढे द्या आणि दोऱ्यावरही गोंद फिरवा. नव्या बासऱ्यांवर रंगीत दोरे असतात ना, ते शोभेसाठी नसतात, ह्याचसाठी असतात. सोलून काढू नका. गोंद लावल्यावर पूर्ण एक दिवस त्या बासरीत फुंकर घालू नका, आणि तो लवकर वाळावा म्हणून कृपा करून ती उन्हात ठेवू नका.