कोंबडीची पिल्ले : बूड तुंबल्यास काय करावे?



आज आम्ही एका लहानशा गोष्टीविषयी बोलणार आहोत. गोष्ट लहान आहे, पण तिच्यापायी पिल्ले मरतात आणि घरचा पैसा बुडतो. सांगायला थोडी लाज वाटते, कारण आम्हाला हे शहाणपण दुसऱ्याच्या नुकसानीतून आले.

आमच्या शेजारच्या बाईंनी बचत गटाचे कर्ज काढून २५ पिल्ले आणली. एका दिवसाची. खोक्यात घालून, एस.टी.ने. तिसऱ्या दिवशी सकाळी एक पिल्लू ओंजळीत धरून त्या आमच्या दारात आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, ह्याच्या मागं काय चिकटलंय बघा. सारखं चिवचिव करतंय."

आम्ही पस्तीस वर्षे मुलांना शिकवले. 'आम्हाला माहीत नाही' असे म्हणण्याची जिभेला सवय नाही. आम्ही ती वाळलेली घाण चिमटीत धरली आणि ओढली. तिच्याबरोबर लव आली आणि कातडीही आली. रक्त आले. तसेच ते पिल्लू परत खोक्यात सोडले. लाल दिसले की पिल्ले टोचतात. बाकीच्यांनी त्याला टोचून टोचून हैराण केले. संध्याकाळी ते मेले. आणखी चार पिल्लांची तीच तक्रार होती. त्यांच्याबद्दल आम्ही सांगितले, "राहू द्या, आपोआप पडेल." दोन दिवसांत तीही गेली. २५ ची २० झाली.

बाई आम्हाला एक शब्द बोलल्या नाहीत. तेच आम्हाला जास्त लागले. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन आम्ही तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथे डॉक्टरसाहेबांनी जे समजावले, तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

हे होते कसे? पिल्लाच्या शेपटीखाली शी करण्याची जागा असते. पिल्लाची शी पातळ, चिकट झाली की ती तिथल्या लवेला चिकटते. वाळते. त्यावर आणखी थर बसतो. शेवटी बूच बसावे तशी वाट बंद होते. शी पोटातच राहते. पिल्लू खाणे सोडते, पंख पाडून पेंगते आणि एक-दोन दिवसांत मरते. पहिल्या आठ-दहा दिवसांत हे जास्त आढळते. म्हणून या दिवसांत प्रत्येक पिल्लू रोज दोन वेळा हातात घेऊन मागून पाहावे. नुसते वरून पाहून कळत नाही.

आता उपाय. तो घरातच होतो, औषध लागत नाही.

एक. वाटीत कोमट पाणी घ्यावे. मनगटावर थेंब टाकून पाहावा. चटका बसता कामा नये.

दोन. पिल्लू एका हातात अलगद धरावे. मऊ फडके किंवा कापूस पाण्यात भिजवून त्या जागेवर दाबून धरावा. दोन-तीन मिनिटे तसेच धरावे. पुन्हा भिजवावे, पुन्हा धरावे. घाई करू नये. सगळे पिल्लू पाण्यात बुडवू नये. ते गारठते.

तीन. घाण मऊ झाली की हळूच पुसून घ्यावी. ओढू मात्र नये. येत नसेल तर आणखी भिजवावे. आम्ही चुकलो ते इथेच.

चार. कोरड्या फडक्याने टिपून पिल्लू उबेला ठेवावे. लव पूर्ण वाळल्यावरच इतरांत सोडावे. त्या जागेला खोबरेल तेलाचे एक बोट लावावे, म्हणजे पुन्हा घाण चिकटत नाही. राख, रॉकेल, तंबाखू असले काही लावू नये.

पाच. जागा लाल झाली असेल, तर ती बरी होईपर्यंत पिल्लू वेगळे ठेवावे.

आणखी एक सांगायचे राहिले. पिल्लाची बेंबी आणि ही जागा यांत गल्लत करू नका. बेंबी खाली पोटाकडे असते. नव्या पिल्लाच्या बेंबीवर कधी काळी खपली किंवा वाळका दोरा दिसतो. ती घाण नव्हे. तिला हात लावू नये. ती ओढली तर पिल्लू जाते.

पण नुसते धुऊन काम संपत नाही. आज धुतले आणि उद्या पुन्हा तुंबले, असे होत असेल तर कारण शोधावे. गळक्या घरात पाणी पुसत बसण्यापेक्षा कौल बदललेले बरे.

पहिले कारण ऊब. पिल्लू २१ दिवसांनी अंड्यातून बाहेर येते, तेव्हा त्याला स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही. खुडूक कोंबडी असली तर ती पंखाखाली घेते. खोक्यातल्या पिल्लांना आई नाही. त्यांना ऊब आपणच द्यायची. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब हवी. पुढे दर आठवड्याला ती सुमारे ३ अंशांनी कमी करावी. २५ पिल्लांना ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब साधारण पुरतो. एलईडी दिवा चालत नाही. तो उजेड देतो, ऊब देत नाही. बल्ब पक्का बांधावा. तूस किंवा कागद त्याला लागला तर आग लागेल.

घरात तापमापक नसला तरी अडत नाही. पिल्ले स्वतःच सांगतात. बल्बाखाली एकमेकांवर चढून बसली, तर त्यांना थंडी वाजते आहे. बल्ब खाली घ्या. लांब कोपऱ्यात जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली, तर उकडते आहे. बल्ब वर घ्या. सगळीकडे पसरून खात-पीत असली, तर ठीक आहे. फार थंडी आणि फार उष्णता, दोन्हींनी बूड तुंबते. रात्री वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवावी. वरून पोते टाकावे, पण हवेला वाट ठेवावी.

दुसरे कारण खाणेपिणे. प्रवासातून आलेल्या पिल्लाला आधी स्वच्छ पाणी दाखवावे, मग खाणे. एकेकाची चोच पाण्यात बुडवून द्यावी. पहिला दिवस मक्याचा बारीक भरडा कागदावर पसरून द्यावा, नंतर पिल्लांचे खाद्य सुरू करावे. कागद नसला तर पिल्ले तूसच खातात आणि त्यांचे पोट बिघडते. पाण्याचे भांडे रोज घासावे.

आता दवाखान्यात केव्हा जावे? एखाद-दुसऱ्या पिल्लाचे तुंबले तर घरीच पाहावे. पण एकदम पुष्कळ पिल्लांना चुन्यासारखी पांढरी हगवण लागली, ती डोळे मिटून बसू लागली आणि रोज मरू लागली, तर तो पुलोरम नावाचा रोग असू शकतो. हा रोग जंतूंमुळे होतो. रोगी कोंबडीच्या अंड्यातून तो पिल्लात येतो. तेव्हा मेलेले ताजे पिल्लू पिशवीत घालून थेट दवाखाना गाठावा. दुकानातून मनानेच औषध आणून पाण्यात घालू नये. अशा रोगातून वाचलेल्या कोंबडीची अंडी उबवायला ठेवू नयेत. ती वरून धडधाकट दिसली तरी रोग पुढे देते. मेलेली पिल्ले उकिरड्यावर न टाकता खोल पुरावीत.

पिल्लांच्या विष्ठेतले काही जंतू माणसालाही बाधतात. म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. स्वयंपाकाची वाटी या कामाला घेऊ नये. लहान मुलांना पिल्लांचे मुके घेऊ देऊ नये.

शेवटी एक विनंती. आपण सारे इथे अक्षरे शिकत आहात. एक वही करा. रोज तारीख घाला. पिल्ले किती, मेली किती, बूड धुतले किती, एवढेच लिहा. तुंबलेली पिल्ले वाढत आहेत की कमी होत आहेत, हे वही सांगेल. दवाखान्यात डॉक्टरही हेच विचारतात, आणि तोंडी सांगताना माणूस चुकतो.

त्या शेजारच्या बाईंनी पुढच्या खेपेला पुन्हा २५ पिल्ले आणली. सहा पिल्लांची बुडे त्यांनी स्वतः भिजवून धुतली. एक दगावले, २४ वाढली. हा हिशेब त्यांनी आपल्या हाताने वहीत लिहिला आहे. आम्हाला तपासायला दिला होता. त्यात आम्हाला एकही चूक काढता आली नाही.