बसायचं, पण शेवटच्या लोकलच्या आधी उठायचं

मागच्या दोन भागांपासून मेसेजमध्ये एकच प्रश्न येतोय. "मुंबईत चांगलं कॉकटेल प्यायला कुठं जायचं? रील्सवाली लिस्ट नको, तू स्वतः जातेस ते सांग." तर आज सांगते. आधीच कबूल करते की माझी यादी चार जागांची आहे आणि ती चवीच्या आधी लोकलच्या टाइमटेबलवर बनलेली आहे. मी डोंबिवलीला राहते. ज्या बारमधून मला रात्री बाराच्या आसपासची कर्जत किंवा कसारा पकडता येत नाही, तो बार कितीही भारी असला तरी माझ्यासाठी वाढदिवसापुरता. असं का, ते पुढे येईलच.

सुरुवातीला कायद्याचं उरकून घेऊ, कारण ऐकणाऱ्यांत कॉलेजवाले बरेच आहेत. महाराष्ट्रात बियर आणि वाइनला २१ वर्षं पूर्ण लागतात, पण व्हिस्की, रम, जिन यांना २५. कॉकटेलमध्ये जिन आली की वयाची अट २५ची. आणि कागदोपत्री प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा पाच रुपयांचा. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आपल्याकडे अजून आहे, म्हणून तर आपल्या बारच्या पाटीवर 'परमिट रूम' लिहिलेलं असतं. बंदी कडक होती त्या काळात वांद्रे, माझगाव, धोबीतलावकडे आँटी लोक आपल्या घराच्या पुढच्या खोलीत चोरून ग्लास भरायच्या. ते किस्से एका वेगळ्या भागाचे आहेत. आत्ता काळा घोडाला जाऊ.

काळा घोड्याला 'अमेरिकानो' नावाची जागा आहे. २०१९ पासून. पिझ्झा आणि पास्ताही मिळतो, पण मी सांगेन की टेबल मागू नका, काउंटरवर बसा. एकटं किंवा दोघंच असाल तर बारची खरी जागा काउंटरच. समोर बर्फ फुटताना दिसतो, कोण काय मागवतंय कळतं, आणि मुलगी एकटी असेल तर कोपऱ्यातल्या टेबलापेक्षा तिथं जास्त निर्धास्त वाटतं. निदान मला तरी. मधे बारटेंडर असतो आणि त्याचं सगळ्यांवर लक्ष असतं.

या जागेचं नाव ज्या ड्रिंकचं आहे, तेच माझं आवडतं ड्रिंक. अमेरिकानो म्हणजे कॉफी नव्हे. कम्पारी, गोड वर्मूथ आणि सोडा. कम्पारी कडू, संत्र्याच्या सालीसारखी. पहिला घोट घेतल्यावर तोंड वाकडं होतं, कारल्यासारखं. तिसऱ्या घोटाला आवडायला लागतं, हेही कारल्यासारखंच. गोष्ट अशी सांगतात की १९१९ च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये काउंट नेग्रोनी नावाच्या गृहस्थानं बारटेंडरला सांगितलं, यातला सोडा काढ आणि जिन घाल. तिथून निग्रोनी आली. ती जगभर गाजली आणि बिचारी अमेरिकानो मागे पडली.

आता थोडं गणित. बीटेक केलंय, कुठंतरी वापरायला नको का? अमेरिकानोत ३० मिली कम्पारी, साधारण २५ टक्के, म्हणजे साडेसात मिली शुद्ध अल्कोहोल. ३० मिली वर्मूथ, साधारण १६ टक्के, म्हणजे पावणेपाच-पाच मिली. एकूण बारा. आपल्याकडची जिन, रम, व्हिस्की ४२.८ टक्के असते, म्हणजे ३० मिलीच्या एका पेगमध्ये तेरा मिलीच्या जवळपास. थोडक्यात अख्खी अमेरिकानो म्हणजे एक छोटा पेग, आणि तो तुम्ही पाऊण तास पिऊ शकता. निग्रोनीत जिनची भर पडते म्हणून पंचवीस मिली, दुप्पट. लाँग आयलंड आइस्ड टी, जो आपण 'चहाच तर आहे' म्हणून मागवतो, त्यात पाच बाटल्यांतून पंधरा-पंधरा मिली पडली तरी तीस मिलीच्या आसपास.

आणि आता बियर. ६५० मिलीची मोठी बाटली, स्ट्राँग, ८ टक्के. करा गुणाकार. बावन्न मिली. एका बाटलीत दोन निग्रोनी, वर थोडं उरतंच.

हा गुणाकार मी पहिल्यांदा केला तो एका हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, मोबाइलवर.

झालं असं की आमच्या टीममध्ये एक मित्र आहे. नाव सांगत नाही, पण हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी त्याला विचारलंय, तो म्हणाला सांग. मोठा रिलीज झाला होता, तीन आठवडे सगळे नीट झोपले नव्हते. रात्री दहाला कुणीतरी म्हणालं, "बसायचं का?" आणि ऑफिसजवळच्या एका क्वार्टर बारमध्ये बसलो. मी रम-कोक घेतली, दोन. तो बाइकवर होता, म्हणून म्हणाला, "मी फक्त बियर." आम्हाला सगळ्यांना ते शहाणपणाचंच वाटलं. पहिली संपली तेव्हा तो छोटी मागवत होता. मीच म्हणाले, "अरे मोठी घे ना, स्वस्त पडते." मीच. म्हणजे दोन बाटल्या, एकशेचार मिली, तीस मिलीचे आठ पेग. आठ पेग पिऊन कुणी बाइकला किल्ली लावताना दिसला असता तर आम्ही किल्ली काढून घेतली असती. पण त्यानं तर 'फक्त बियर' घेतली होती.

मी रिक्षानं गेले. तो कल्याणच्या दिशेनं निघाला आणि डिव्हायडरला धडकला. दुसरं कुणी सापडलं नाही, एवढं नशीब. मांडीचं हाड मोडलं, रॉड घातला, चार महिने घरी. त्याच्या आईनं मला हॉस्पिटलमध्ये विचारलं, "फार प्यायला होता का गं?" आणि मी म्हणाले, "नाही काकू, बियरच घेतली होती." म्हणजे मी त्यांच्याशी खोटं बोलले नाही. मला खरंच तसं वाटत होतं. त्या आत गेल्यावर मी कॅल्क्युलेटर उघडला.

गाडी चालवणाऱ्यासाठी आपल्या कायद्याची रेषा आहे १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम. रिकाम्या पोटी एक निग्रोनीसुद्धा तुम्हाला त्या रेषेपलीकडे नेऊ शकते. आणि शरीर ते उतरवतं फार सावकाश, ढोबळमानानं तासाला एक छोटा पेग. लिंबूपाणी, ब्लॅक कॉफी, तोंडावर पाणी, कशानंही तो वेग वाढत नाही. तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्ये बसायचं ठरलं की गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये राहते, आणि जागा स्टेशनपासून चालत जाण्यासारखी हवी. यादी अशी बनली.

काळा घोड्यावरून सीएसएमटी पंधरा मिनिटांत. म्हणून ती पहिली.

दुसरी जागा थोडी लांब, ताजमधला हार्बर बार. हो, तोच ताज, गेटवेसमोरचा. हॉटेल १९०३ चं, बार १९३३ चा, आणि शहरातलं बारचं पहिलं लायसन्स याचं असं अभिमानानं सांगतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मी दारापर्यंत जाऊन परत फिरले होते, खरं सांगते. पाठीवर लॅपटॉपची बॅग, पायात ऑफिसचे दमलेले बूट, वाटलं हे विचारणार "येस मॅडम?" मग मागच्या गल्लीत गोकुळमध्ये जाऊन बसलो, तिथं कुणी काही विचारत नाही आणि बिलही रडवत नाही. दुसऱ्या खेपेला आत गेले. कुणी काही विचारलं नाही. खिडकीतून बंदरातल्या बोटींचे दिवे दिसतात, आणि त्यांचं खास ड्रिंक टेबलाशी येऊन पेटवतात, निळी ज्योत वगैरे. नाटक आहे, पण एकदा बघावं असं. पैसे जोरदार लागतात. वर्षातून एकदा, बोनस आला की, तेही एकच ग्लास. मग कुलाब्यातून सीएसएमटीपर्यंत पंचवीस मिनिटं चालायचं, रात्री फोर्टमधून चालण्यात जी मजा आहे ती फुकट.

एक गंमत. मोजूनमापून प्यायचा आपला मुंबईचा इतिहास हार्बर बारच्याही फार आधीचा आहे. 'पंच' हे ड्रिंक आपल्या 'पाच'वरून आलं असं बरेच जण मानतात. दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला, पाच जिन्नस. १६९४ मध्ये कंपनीच्या मुंबई सरकारनं चक्क हुकूम काढला होता की गिऱ्हाइकाला पंचसाठी गोव्याची अरक एवढी, साखर अर्धा पौंड, लिंबाचा रस अर्धा पाइंट असं मापानं द्यायचं. अरकेचं माप होतं एक क्वार्ट, म्हणजे लिटरच्या जवळपास. एकट्यानं प्यायचं की टेबलावर मिळून, देव जाणे.

तिसरी, लोअर परळला कमला मिल्समधलं 'बॉम्बे कॅन्टीन'. २०१५ चं. सुरू करणाऱ्यांत फ्लॉइड कार्डोझ होते, मुंबईत वाढलेले आणि न्यूयॉर्कमध्ये नाव काढलेले शेफ. मार्च २०२० मध्ये ते कोविडनं गेले. इथलं मला आवडतं ते म्हणजे कॉकटेलची पुस्तिका मुंबईवर असते. एका आवृत्तीत शहरातल्या आर्ट डेको इमारती होत्या, त्यातल्या काही जणींसमोरून मी कॉलेजच्या दिवसांत रोज गेले होते आणि कधी मान वर केली नव्हती. दारूच्या मेन्यूनं वास्तुकला शिकवली, आता काय बोलणार.

याच आवारात डिसेंबर २०१७ मध्ये दुसरीकडे, गच्चीवरच्या पबमध्ये आग लागून १४ माणसं गेली. तेव्हापासून कुठल्याही बारमध्ये गेल्यावर मेन्यूच्या आधी मी बाहेर पडायचा दुसरा दरवाजा शोधते. मित्र हसतात. हसू देत.

इथून परत येताना सेंट्रलवाल्यांनो लक्षात ठेवा, करी रोडला फास्ट थांबत नाही. शेवटची स्लो बघून ठेवा, एम-इंडिकेटर कशाला आहे? वेस्टर्नवाल्यांना लोअर परळ स्टेशन जवळ आहे, तुमचं बरंय.

चौथी जागा माझा नियम मोडते. वरळी कोळीवाड्याकडचं 'स्लिंक अँड बार्डो', समुद्राकडेच्या एका जुन्या बंगल्यात. रस्त्यावर सुक्या मासळीचा वास, आत मंद दिवे आणि फ्रेंच नाव. पहिल्यांदा हे विचित्र वाटलं, आणि अजूनही थोडं वाटतं. बाहेर बसलेल्या मावशींना आत काय दरानं काय विकलं जातं हे कळलं तर त्या काय म्हणतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. पण ड्रिंक्स सुंदर. मेट्रो आता वरळीला आली आहे, मात्र ती लोकलच्या बरीच आधी झोपते. म्हणून इथं गेले तर टॅक्सीनं दादर, हा खर्च आधीच धरायचा.

खर्चाचं म्हणाल तर या चारही ठिकाणी आठशे-नऊशेच्या खाली ग्लास क्वचितच, वर कर. सर्व्हिस चार्ज लावला असेल आणि द्यायचा नसेल तर काढा म्हणायला लाजू नका. मला विचाराल तर महाग असणं हे या जागांचं एका अर्थी बरंच आहे, कारण नऊशेचा ग्लास कुणी घटाघट पीत नाही. क्वार्टर बारमध्ये आमचं टेबल भरत राहायचं, कारण परवडत होतं.

अजून एक करून बघा. बारटेंडरला सरळ सांगा, "दारू कमी, पण ज्यूस नको." चांगला बारटेंडर असेल तर त्याचे डोळे चमकतात. वर्मूथ आणि टॉनिक देईल, शेरीचं काहीतरी देईल. चेहरा पाडून मोहितो पुढे सरकवला तर ती जागा तुमची नाही.

माझा तो मित्र आता परत ऑफिसला येतो. पावसाळ्यात पाय दुखतो म्हणतो. पिणं त्यानं सोडलं नाहीये, पण ज्या दिवशी नको वाटतं त्या दिवशी काउंटरवर बसून बिनदारूचं काहीतरी घेतो आणि बारटेंडरला सतरा प्रश्न विचारतो. मागच्या महिन्यात आम्ही दोघं काळा घोड्याला होतो. सव्वाअकरा झाले, मी अमेरिकानोचा तळाचा बर्फ चघळत होते. शेजारच्या टेबलावरून आमच्याच ऑफिसचे दोघं म्हणाले, "अरे एक लास्ट!" त्यानं माझ्याकडे बघितलं, मी घड्याळाकडे.

त्याला भरभर चालता येत नाही, म्हणून सीएसएमटीला आम्हाला वीस-बावीस मिनिटं लागतात. गाडी फलाटावर उभीच होती. मी लेडीज डब्यात चढले, रात्री तिथं पोलीस असतो, बरं वाटतं. तो पुढच्या डब्यात. ठाणं गेल्यावर त्याचा मेसेज आला, "विंडो सीट मिळाली." डोंबिवलीला उतरून मी त्याच्या खिडकीवर टकटक केलं आणि गाडी त्याला घेऊन कल्याणकडे गेली.