दिल्ली किती लांब?



आम्ही शाळामास्तर. उभा जन्म मुलांना शिकवण्यात गेला. पण तुमच्यापुढे उभे राहिलो, की जरा ओशाळल्यागत होते. आमच्या हातून एक चूक झाली आहे. तीच आज सांगतो.

दिल्लीला वाणिज्य व उद्योग मंत्रालय आहे. वाणिज्य म्हणजे व्यापार. मंत्रालय म्हणजे मंत्र्याचे खाते. आपला माल परदेशी जावा की नाही, याचे हुकूम या खात्यातून निघतात.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, दिल्ली कुठे अन् आपण कुठे!" आमच्या शेजारचे बाबाही असेच म्हणत.

१४ सप्टेंबर २०२० रोजी या खात्याने कांदा परदेशी पाठवायला बंदी केली. बाजारात कांदा महाग झाला होता. खाणाऱ्याला तो स्वस्त मिळावा, हा हेतू. पण पिकवणाऱ्याचे एक गिऱ्हाईक गेले. पुढे २८ डिसेंबरला नवा हुकूम निघाला. १ जानेवारी २०२१ पासून बंदी उठणार होती.

ही बातमी आम्ही वर्तमानपत्रात वाचली. घडी घातली आणि पेपर फळीवर ठेवून दिला.

३० तारखेला एक व्यापारी बाबांच्या बांधावर आला. म्हणाला, "बाबा, बंदी आहे. देता का बोला." बाबांनी सगळा कांदा पडत्या भावाने देऊन टाकला. व्यापाऱ्याला बातमी ठाऊक होती. बाबांना नव्हती. आमचे घर त्यांच्या भिंतीला लागून. पण बातमी भिंतीपलीकडे गेली नाही.

बाबा पुढे एवढेच म्हणाले, "मास्तर, जरा मोठ्यानं वाचलं असतं तर!"

मंडळी, हे हुकूम माणसेच काढतात. १९४७ साली उद्योगाचे खाते डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांच्याकडे होते. १९५६ साली मोरारजी देसाई व्यापार व उद्योग मंत्री झाले. १९५८ साली लालबहादूर शास्त्री आले. शास्त्रीजींचे वडील आमच्यासारखेच शाळामास्तर होते. हे दोघेही पुढे पंतप्रधान झाले. मंत्री येतात, मंत्री जातात. खाते राहते.

हुकूमही कायमचे नसतात. १९५१ साली कायदा झाला. मोठा कारखाना काढायचा, तर दिल्लीचा परवाना लागू लागला. जुलै १९९१ मध्ये बहुतेक धंद्यांची ही अट काढली. तेव्हा उद्योगखाते पंतप्रधान नरसिंह राव यांच्याकडेच होते.

मग हुकूम बदलतो कसा? लोक बोलतात, अर्ज करतात. आपण मत देऊन खासदार लोकसभेत पाठवतो. खासदार तिथे मंत्र्याला प्रश्न विचारू शकतो. पण आपल्याला हुकूमच ठाऊक नसेल, तर आपण खासदाराला काय सांगणार?

म्हणून हुकमाची बातमी आली, की तीन गोष्टी वाचा. हुकूम कोणत्या मालाचा? कोणत्या तारखेपासून? अट काय? तारीख वाचल्याशिवाय सौदा करू नका. आणि वाचलेले शेजाऱ्याला सांगा. आमच्यासारखे फळीवर ठेवू नका.

बाबा आज पुढच्या ओळीत बसले आहेत. अक्षरे जुळवून वाचू लागले आहेत. काल ते आमच्याकडून पेपर मागून घेऊन गेले. रात्री भिंतीपलीकडून वाचल्याचा आवाज येत होता. चांगला मोठ्याने!

राम राम.